सिद्धम्मानं अडवलेला शब्द

सिद्धम्माचा राग पेडगावात सगळ्यांना माहीत होता. ती ओरडायची नाही. तिचा आवाज खाली जायचा, शब्द सुटे सुटे पडायचे, आणि समोरचा माणूस आपोआप एक पाऊल मागं सरायचा. तिच्या उतारवयात मी तिची शेजारीण होते. शेंगा फोडताना, ज्वारी निवडताना तिनं मला हे सगळं सांगितलं. एका बैठकीत नाही, चार-पाच वर्षांत, तुकड्यातुकड्यानं. राग मात्र दर वेळी ताजा. एकदा मी म्हणाले, "काकू, इतक्या वर्षांनी आता कशाला?" तर म्हणाली, "राग काय दूध हाय का, ठिवलं की नासायला?"

तिचा बाप चन्नप्पा. त्याची पेडगावात बावीस एकर काळी जमीन होती. सगळी खुश्की, विहीर नाही, पाट नाही, आभाळ देईल तेवढंच पाणी. त्याला एकच लेकरू, सिद्धम्मा. पोथी ऐकायचा भारी नाद, आणि स्वतःला अक्षर येत नव्हतं. म्हणून मठातल्या अय्यांच्या हातापाया पडून त्यानं लेकीला वाचायला-लिहायला शिकवलं. भाऊबंद हसले. चन्नप्पा म्हणाला, "मला ऐकायचं हाय, तुमाला हसायचं हाय. आपापलं करू."

अकराव्या वर्षी तिचं लग्न राणीसावरगावच्या शिवरुद्रशी झालं. घरचं कापडाचं दुकान, माणसं खाऊनपिऊन सुखी. चौदा वर्षं झाली, मूल झालं नाही. एक दिवस शिवरुद्र बैलगाडीतून दुसरी बायको घेऊन आला. नीलम्मा, सोळा वर्षांची. सिद्धम्मा चुलीपुढं भाकरी थापत होती.

"मला इचारलं न्हाई," ती म्हणाली.

"दुसरा बैल आनताना पहिल्या बैलाला इचारतेत का?" शिवरुद्र म्हणाला, आणि त्यानं पाय धुवायला पाणी मागितलं.

तिनं पाणी दिलं. "ते पानी दिलं त्याचा राग मला आजून हाय," ती मला सांगायची. "त्याच्यावर न्हाई. माझ्यावर."

पुढं चार वर्षं ती त्या घरात राबली. नीलम्माची दोन बाळंतपणं तिनंच केली, दोन्ही मुली. मग १९३७ साली चन्नप्पा वारला. बापाला माती देऊन, दिवस करून ती राणीसावरगावला परतली, आणि पेरणीच्या आधी शेत बघायला म्हणून पुन्हा पेडगावी आली, तर तिच्या बापाच्या रानात कुणी अनोळखी माणूस वखर हाकत होता.

"कुनी सांगितलं तुला?" तिनं विचारलं.

"मालकानं."

"कोन मालक?"

"शिवरुद्रप्पा."

ती तशीच पटवाऱ्याच्या दारात गेली. माणूस मेल्यावर जमीन कुणाच्या नावावर जायची, त्या नोंदीला तेव्हा विरासत म्हणत. पटवाऱ्यानं कागद काढून वाचून दाखवला: मयत चन्नप्पाची मुलगी सिद्धम्मा, जौजे शिवरुद्रप्पा, म्हणजे शिवरुद्रप्पाची बायको, हिनं राजीखुशीनं आपला हक्क नवऱ्याला दिला. खाली निळसर अंगठा. अंगठ्याच्या ठशावरून एक आडवी पांढरी रेघ गेलेली.

"मला सही येती," सिद्धम्मा म्हणाली. "मी अंगठा कशाला देईन?"

"बाई, अंगठा हाय का न्हाई? हाय. मंग?" पटवारी कागदाची घडी घालत म्हणाला. "आन् नवऱ्याच्या घरात गेली काय, तुझ्या घरात ऱ्हायली काय, येकच की."

त्या दिवसापासून ती नवऱ्याच्या घरी गेली नाही. परभणीला तिची मावशी मल्लम्मा होती, मोंढ्यामागं एका खोलीत राहणारी विधवा. तिच्याकडं ती गेली. मावशीनं एवढंच विचारलं, "खाल्लंस का?"

मल्लम्माच्या पायाला जखम झाली होती, ती धुवायला दवाखान्यातली एक नर्स घरी यायची. मिल्काबाई झिराडकर. कोकणातली, मराठीच बोलणारी, पण यहुदी, बेने इस्राएल. पस्तिशीची, बोलायला कमी, हाताला हलकी. एक दिवस तिनं सिद्धम्माला मावशीपुढं पोथी वाचताना ऐकलं. पट्टी बांधायची थांबली. म्हणाली, "तुम्हाला लिहिता येतं?"

"येतं."

"माझ्या वडिलांना लिहून द्यायला कुणीतरी हवंय. त्यांना दिसत नाही."

तिचे वडील एलोजी मास्तर. उभा जन्म अलिबागेकडं मुलांना मराठी आणि आपल्या लोकांना हिब्रू शिकवण्यात गेला. बायको वारली, डोळ्यांत मोतीबिंदू पिकले, आणि मुलीची नोकरी निजामाच्या मुलखात, म्हणून तेही परभणीत येऊन राहिले होते. त्यांना एकच ध्यास: हिब्रू शब्दांचा मराठीत कोश करायचा. आपल्या मुलांना प्रार्थना पाठ येतात, अर्थ येत नाही, याची त्यांना चीड होती. कोश सगळा त्यांच्या डोक्यात होता. कागदावर उतरवायला हात हवा होता.

पगार ठरला. सिद्धम्मा सकाळी जायची, ओसरीवर आपलं घोंगडं टाकून बसायची. लिंगायताची बाई, त्या घरचं पाणी प्यायची नाही. तांब्या घरून न्यायची. मास्तरांना त्याचं काही वाटलं नाही. "आमच्यातही सोवळं कमी नाही," म्हणायचे. शनिवारी सुट्टी, त्या दिवशी त्यांच्यात लेखणीला हात लावत नाहीत. मूळ अक्षरं मिल्काबाई समासात काढून ठेवायची. उच्चार आणि अर्थ मास्तर सांगायचे, सिद्धम्मा देवनागरीत लिहायची. पहिल्या अक्षराची वही सात महिन्यांत भरली. दुसऱ्या अक्षराची अर्धीअधिक झाली. आणि मग एका सकाळी मास्तर अडखळले. शब्द सोडून पुढचा सांगितला. दुसऱ्या दिवशी परत मागं आले, परत पुढं गेले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "लिहा. बअल."

तिनं "बाल" लिहिलं आणि वाचून दाखवलं.

"बाल नव्हे. मधे एक अक्षर आहे, घशाच्या तळातलं. उर्दूवाल्यांचं ऐन असतं ना, तेच. ब-अ-ल. लिहा अर्थ: मालक. धनी." थोडं थांबून म्हणाले, "नवरा."

सिद्धम्मानं "मालक" लिहिलं, "धनी" लिहिलं. लेखणी थांबली.

"नवऱ्याला येगळा शब्द न्हाई?"

"हाच. आता क्रियापद. आमच्यात क्रियापद 'त्यानं केलं' अशा रूपात सांगतात. बअल. त्यानं ताबा घेतला, तो मालक झाला. त्यानं लग्न केलं."

"ताबा घेतला आन् लगीन केलं, येकच?"

"एकच धातू."

"आन् तिनं लगीन केलं, ते कसं म्हनायचं?"

मास्तर म्हणाले, "ती कर्ता होत नाही. तिच्यासाठी कर्मणी रूप आहे. बेऊला. जिच्यावर मालकी झाली ती. म्हणजे लग्न झालेली बाई. पूर्ण म्हणायचं तर बेऊलत बअल, धन्यानं धनी होऊन घेतलेली."

"बाप्याला हे रूप लागतं का? बायकोनं मालकी केलेला बाप्या?"

"नाही. तसं चालत नाही."

सिद्धम्मानं लेखणी दौतीशेजारी ठेवली. ती मला म्हणाली होती, "माझ्या कानात गरम पानी ओतल्यावानी झालं. म्हनलं, हे समद्या दुनयेत हाय. मी समजत होते की राणीसावरगावातच हाय."

"ह्योच शब्द बैलाच्या मालकाला लागतो का?" तिनं विचारलं.

मास्तर दचकले. तिला ते कसं सुचलं हे त्यांना कुठून कळणार? पण खोटं बोलणारा माणूस नव्हता. म्हणाले, "लागतो. बैलाचा बअल. आणि तिथं गंमत अशी की मालक एकच असला तरी शब्द अनेकवचनी घालतात. बेआलाव. आपण 'मालक आले' म्हणतो ना, तसं आदरार्थी."

"म्हंजी बैलानं मालकाला अहो म्हनायचं."

"सिद्धम्माबाई..."

"मला न्हाई लिव्हायचं."

"अहो, तो शब्द नुसता तेवढाच नाही," मास्तर घाईनं सांगू लागले. "पंखांचा बअल म्हणजे पाखरू. स्वप्नांचा बअल म्हणजे स्वप्नं पडणारा. घराचा बअल म्हणजे घरधनी, आणि बाई असली तर घराची बअलत, घरधनीण. आपल्या 'वाला'सारखं आहे ते. पंखवाला, घरवाला."

"मंग नवऱ्याला बायकोवाला म्हना. मालक कामून म्हनता?"

"मी म्हणत नाही. शब्द मी केला नाही."

"तुमी केला न्हाई. पर तुमी सांगायलाव आन् मी लिव्हायले. म्हंजी परत मीच पानी द्यायले." तिचा आवाज खाली गेला होता. "आमच्या मठात अय्या सांगतेत, भक्त म्हंजी बायको आन् लिंग म्हंजी नवरा. समदे भक्त. बाप्ये बी. माझ्या गळ्यात लिंग हाय, शिवरुद्रच्या बी गळ्यात हाय. दोघं बी त्याच्या बायकाच की! मंग येक बायको दुसऱ्या बायकोची मालक कशी झाली? सांगा मास्तर, तुमी शिकलेले हाव."

उंबऱ्यात कधीची मिल्काबाई उभी होती, दवाखान्यात जायला निघालेली.

"बाबा, तीन दिवस तुम्ही हा शब्द का टाळत होता तेही सांगा तिला," ती म्हणाली. "नाही सांगत? मी सांगते. सिद्धम्मा, बेऊलत बअल म्हणजे काय हे बघायचं असेल तर माझ्याकडं बघा. माझा नवरा लग्नानंतर दोन वर्षांनी बसऱ्याला गेला. तिथं दुसरं घर केलं. सोळा वर्षं झाली. आमच्या धर्मात सोडचिठ्ठी नवऱ्यानंच द्यायची, बायकोनं मागून भागत नाही. तो देत नाही. का देत नाही? काही कारण नाही. आपलं आहे, कशाला द्या, म्हणून. आणि हा मुलगा बाबांनी पसंत केलेला. हिब्रू फार छान वाचायचा."

ती छत्री घेऊन निघून गेली. मास्तर बराच वेळ जोड्यात पाय घालायचा प्रयत्न करत राहिले, जाणार कुठंच नव्हते. शेवटी म्हणाले, "दर वर्षी पत्र पाठवतो मी त्याला. दर वर्षी."

सिद्धम्मा त्या दिवशी घरी निघून आली. दुसऱ्या दिवशी गेली नाही. मल्लम्मा म्हणाली, "शब्दासाठी काम सोडतेस व्हय?" तिसऱ्या दिवशी ती गेली, ओसरीवर बसली आणि म्हणाली, "नवरा ह्यो अर्थ येगळ्या वळीत लिव्हा. मालकाच्या वळीत नगं."

मास्तर म्हणाले, "नाही. शब्द एक आहे. दोन ओळी केल्या तर ते खोटं होईल. वाचणाऱ्याला वाटेल की हे दोन वेगळे शब्द आहेत. तुम्हाला राग आला म्हणून मी अर्थ झाकणार नाही. मला लाज वाटते म्हणूनही झाकणार नाही."

तिनं दौत पुढं ओढली. "खरं हाय. झाकलं तर कुनाला कळायचं कसं? लिव्हते." आणि तिनं मालक, धनी, नवरा हे तीन शब्द एका ओळीत, बाकीच्या पानापेक्षा मोठ्या अक्षरात लिहिले. मास्तरांना ते दिसलं नाही. मिल्काबाईनं पाहिलं आणि तसंच राहू दिलं.

त्या एका शब्दावर त्यांचे पाच दिवस गेले. मास्तरांनी सांगितलं की विहीर-पाट नसलेल्या, पावसावर पिकणाऱ्या शेतालाही त्यांच्या जुन्या लोकांनी बअलचं शेत म्हटलंय.

"म्हंजी खुश्की," सिद्धम्मा म्हणाली. "माझ्या बापाची जमीन."

"तीच."

"तिला बी त्योच शब्द!" ती म्हणाली. पण तो अर्थ तिनं लगेच लिहिला. 'खुश्की जमीन, आभाळाच्या पाण्याची' असं, आपल्या शब्दात.

मग मास्तरांनी पहिली वही काढायला लावली. "ईश शब्द बघा. काय लिहिलंय?"

तिनं शोधलं. तिच्याच अक्षरात होतं: ईश, माणूस, नवरा.

"बाई नवऱ्याला 'ईशी' म्हणाली तर अर्थ होतो, माझा माणूस. बअली म्हणाली तर, माझा धनी. दोन्ही शब्द आहेत. आमच्यातल्या एका जुन्या साधूला पहिला जास्त आवडायचा."

सिद्धम्मा त्या अक्षरांकडं बघत राहिली. "आमचा ईश म्हंजी धनी. महेश, जगदीश. तुमचा ईश म्हंजी नुस्ता मानूस," ती म्हणाली. "सात महिन्यांमागं लिव्हला आन् मला कळला बी न्हाई." आणि मग: "मास्तर, दोन शब्द असताना लोकांनी ह्योच कामून उचलला?"

मास्तर म्हणाले, "ते कोशात नसतं."

त्याच आठवड्यात तिनं अर्ज करायचं ठरवलं. तोवर वर्षभर ती नुसती जळत होती. काय करायचं हे सुचत नव्हतं. मिल्काबाईनं तिला कचेरीबाहेर बसणाऱ्या अर्जनविसाकडं नेलं. त्यानं उर्दूत अर्ज लिहिला आणि वाचून दाखवला. सुरुवातच होती, मुसम्मात, म्हणजे बाई, सिद्धम्मा, जौजे शिवरुद्रप्पा.

"ते जौजे काढा."

"बाई, रिवाज आहे. औरतीचं नाव तसंच लिहितात."

"बापाचं नाव घालून लिव्हता येतं का?"

"येतं. बिन्ते. बिन्ते चन्नप्पा, चन्नप्पाची मुलगी. पण ते कुवाऱ्या मुलींसाठी."

"मी चन्नप्पाची मुलगी व्हायची थांबले का?"

अर्जनविसानं कागद फाडून नवा घेतला.

तारखा पडत गेल्या. शिवरुद्र दोनदा आला नाही. तिसऱ्या तारखेला आला तो साक्षीला नीलम्माला घेऊन. तिनं सांगायचं होतं की सिद्धम्मानं माझ्यासमोर अंगठा दिला. सिद्धम्माबरोबर मल्लम्मा होती, आणि काठी टेकत, मिल्काबाईचा हात धरून, एलोजी मास्तर. तहसीलदाराच्या पेशकारानं, म्हणजे कारकुनानं, नाव पुकारलं, "सिद्धम्मा जौजे शिवरुद्रप्पा!"

ती जागेवरून हलली नाही. दुसऱ्यांदा पुकारलं. तिसऱ्यांदा पेशकारानं चिडून अर्ज बघितला आणि बिन्ते वाचलं, तेव्हा ती उठली.

तहसीलदारानं शिवरुद्रला विचारलं, "काय म्हणणं आहे?"

"म्हननं काय सरकार," शिवरुद्र हात जोडून हसला. "बायको आमची, मंग बायकोची जमीन कुनाची? घरातला मामला हाय. बाईमानूस, कुनीतरी कान भरलेत."

एलोजी मास्तर पुढं सरकले. म्हणाले की या बाईनं माझ्या दोन वह्या हातानं लिहिल्यात, अंगठा देणारी ही बाई नव्हे. वह्या टेबलावर ठेवल्या. तहसीलदारानं पानं उलटली, समासातली अक्षरं बघितली, भुवया वर केल्या, आणि सिद्धम्मापुढं कोरा कागद सरकवला. "लिही."

तिनं लिहिलं: ही जमीन माझ्या बापाची. अंगठा माझा नाही. सिद्धम्मा.

"सही येणारा माणूसही घाईत अंगठा देतो," तहसीलदार म्हणाला. "एवढ्यानं होत नाही. साक्षीदार कोण?"

नीलम्मा उभी राहिली. डोक्यावर पदर, नजर खाली. पेशकारानं सगळा कागद वाचला. सिद्धम्मानं राजीखुशीनं हक्क दिला, निशाणी अंगठा सिद्धम्मा. नीलम्मानं मान वर केली.

"ह्यो कागद व्हय?" ती म्हणाली. "ह्यो अंगठा माझा हाय."

शिवरुद्र ओरडला, "काय बोलायलीस?"

"मला म्हनले, दुकानाचा कागद हाय, अंगठा लाव. मी लावला." तिनं उजवा अंगठा पुढं केला. विळीनं कापलेली जुनी खूण, आडवी. "बघा. ही रेघ कागदावर हाय का न्हाई ते बघा."

रेघ होती. तहसीलदारानं नवा ठसा घेतला, भिंगातून दोन्ही पाहिले आणि भिंग पेशकाराकडं दिलं. शिवरुद्र खाली बघत होता.

मी सिद्धम्माला विचारलं होतं, नीलम्मानं हे तिच्यासाठी केलं का. "माझ्यासाठी?" ती म्हणाली. "गंगाखेडच्या बाजूची तिसरी पोरगी ठरवलती त्यानं. दोन पोरीच झाल्या म्हनून. हिला दोन दिसांआधी कळलं. हिनं इचारलं, तर हिला बी त्यानं बैलाचंच सांगितलं. तिला राग आलता, म्हनून ती बोलली. लय बरं झालं. उपकारापायी बोलली असती तर कच खाल्ली असती."

कचेरीच्या पायऱ्यांवरच शिवरुद्रनं नीलम्माला सांगितलं, "आता तुला घर न्हाई." आणि मुली? "पोरी माझ्या हायत." कायद्यानंही त्याच्याच होत्या. नीलम्मा त्याच्या गाडीमागं पार रस्त्याच्या वळणापर्यंत धावली. सिद्धम्मा जागच्या जागी उभी होती. मग ती गेली आणि धुळीत बसलेल्या नीलम्माला म्हणाली, "ऊठ. मावशीची खोली लहान हाय. पाय पसरून झोपू नको."

निकाल लागला. खोटी नोंद रद्द, जमीन सिद्धम्माची. पण हातात आलेल्या नकलेवर परत लिहिलेलं होतं, सिद्धम्मा जौजे शिवरुद्रप्पा. तिनं नक्कल टेबलावर ठेवली.

"जमीन मिळाली ना बाई?" पेशकार म्हणाला. "नावानं काय फरक पडतो?"

"फरक पडत न्हाई, तर बदला."

ते बदलायला आठ महिने लागले. परभणीत असेपर्यंत दर आठवड्याला ती कचेरीत जाऊन बसायची. हसणारे हसले. तिनं नक्कल उचलली ती 'बिन्ते चन्नप्पा' झाल्यावरच.

१९४० च्या पेरणीला दोघी पेडगावला आल्या. पहिल्या वर्षी शिवरुद्रच्या माणसांनी उभ्या ज्वारीत गुरं घातली. दोघी काठ्या घेऊन रानात गेल्या आणि गुरं हाकून थेट कोंडवाड्यात घातली. दोघींचं आपसांत कधीच फार जमलं नाही. नीलम्माची भाजी खारट, सिद्धम्माची जीभ तिखट. पण तिसऱ्या बायकोला मुलगा झाला, तेव्हा शिवरुद्रनं दोन्ही मुली एका गाडीत बसवून, जास्तीची भांडी द्यावीत तशा, पेडगावला पाठवून दिल्या. नीलम्मा आनंदानं रडली. सिद्धम्मा संतापानं लाल झाली. "ठिवल्या तवा बी इचारलं न्हाई, टाकल्या तवा बी न्हाई," ती म्हणाली, आणि त्याच दिवशी दोघींना पाटी घेऊन अक्षरं गिरवायला बसवलं.

परभणीला ती महिन्यातून दोनदा जायची, मास्तरांचं लिहून द्यायला. कोश सोळाव्या अक्षरापर्यंत आला आणि १९४४ साली मास्तर वारले. पुढच्या वर्षी बसऱ्याहून मिल्काबाईला पत्र आलं. नवरा मेला होता; नुकताच नव्हे, तीन वर्षांपूर्वी. कळवायचं कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. मिल्काबाईनं पत्र सिद्धम्माला वाचून दाखवलं, आणि एवढी शांत बाई, तिनं हातातला पितळी पेला भिंतीवर फेकला. "तीन वर्षं मी मेलेल्या माणसाच्या मालकीत होते!"

रझाकारांचा काळ आला, रस्ते धड राहिले नाहीत. १९४८ च्या उन्हाळ्यात मिल्काबाई मुंबईला भावाकडं गेली. वह्या बरोबर नेल्या. छापणारा मिळाला नाही, असं तिचं एक पत्र आलं. पुढं त्या वह्यांचं काय झालं, सिद्धम्माला माहीत नव्हतं.

त्याच साली, पोलीस ॲक्शननंतर महिनाभरानं, राणीसावरगावहून शिवरुद्रचे दोन भाऊबंद आले. शिवरुद्र वारला होता. दोन्ही बायकांनी यावं, रीत करावी, बांगड्या फोडाव्यात, असं त्यांचं म्हणणं. नीलम्मा डोळे पुसत गाठोडं बांधायला लागली. सिद्धम्मा तुरीत खुरपत होती. भाऊबंद बांधावर उभे राहिले.

"वैनी, चला. मालक गेले."

तिनं खुरपं थांबवलं नाही. "तुमचे गेले असतील," ती म्हणाली. "तिला यायचं तर येऊ द्या, तिचं तिला म्हाईत. माझ्या बांगड्या माझ्या बापानं भरल्यात. आन् बांधावरनं खाली उतरू नका, तुरी फुलावर हायत."

गावानं नावं ठेवली. मठातल्या अय्यांनीही बोलावून विचारलं. ती गेली, त्यांच्यापुढं बसली आणि म्हणाली, "नवरा लिंग हाय म्हनून तुमीच सांगितलं. ते गळ्यात हाय. मेलं न्हाई." ती नमस्कार करून घरी आली. नीलम्मा चार दिवसांनी मोकळ्या हातांनी परतली, तेव्हा सिद्धम्मानं तिला जेवायला वाढलं. सकाळी भाजीच्या मिठावरून त्यांचं परत भांडण लागलं.